केसरगढात हरवलं कोण?

केसरगढला सपना हिवाळे कधी गेली नव्हती, पण तिथे गेल्यावर माणसाने कसं वागावं यावर तिच्याइतकं मराठीत कुणी लिहिलं नव्हतं. अंधेरीच्या एका काचेच्या इमारतीत 'सहलसोबती' नावाच्या कंपनीचं ऑफिस होतं आणि तिथे बसून ती कंपनीच्या वेबसाइटवर पर्यटकांसाठी टिप्स लिहायची. त्या ऑफिसात रीतच अशी होती, की जो लिहायचा त्याला फिरायला रजा मिळायची नाही. तिच्या शेजारचा नितेश लडाख सांभाळायचा; त्याने आयुष्यात बर्फाचा ढीग पाहिला होता तो मालाडच्या मासळीबाजारात. समोरच्या रुचिराकडे अख्खा युरोप होता आणि तिचा पासपोर्ट अजून निघायचा होता.

केसरगढ म्हणजे राजस्थानातलं जुनं शहर. भोवती उंच दगडी तट, तटाला जागोजाग दरवाजे, आणि आत गल्ल्यांचा असा गुंता, की त्यातून गायसुद्धा विचार करून चालते. सपनाने पुष्कळ व्हिडिओ पाहिले, दुसऱ्यांची पानं वाचली आणि आपलं पान रचलं. सकाळी लवकर निघा. पायात आरामाचे बूट घाला. स्थानिक लोकांशी आपुलकीने बोला. कुठल्या दरवाजातून आत शिरलात ते लक्षात ठेवा, आणि सोबत्याशी चुकामूक झालीच तर त्याच दरवाजापाशी येऊन एका जागी थांबा. मध्येच तिने हेही लिहिलं होतं, की हाथीपोळ हा दरवाजा ओळखायला एकदम सोपा, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना हत्ती रंगवलेले आहेत. हे वाक्य तिने एका वेबसाइटवरून उचललं होतं आणि त्या वेबसाइटने बहुतेक तिसऱ्याच कुणाकडून.

पान चाललं. लोकांनी लाइकचे अंगठे दिले. श्रुतिका मॅडम, म्हणजे त्यांच्या विभागाच्या प्रमुख, "बरं झालंय" असं म्हणाल्या. मॅडमच्या तोंडून 'बरं' निघणं म्हणजे दुसऱ्या ऑफिसात पेढे वाटण्यासारखं होतं.

सगळं ठीक होतं. पण ते पान खरं धरून कुणी खरोखरच तिकडे जाईल, आणि ते आपलेच आईबाप असतील, हे सपनाच्या ध्यानीमनी नव्हतं.

झालं असं, की तिचा भाऊ मिथुन नाशिकला नोकरीला होता, त्याने आईपपांच्या लग्नाच्या वाढदिवसाला राजस्थानची तिकिटं काढून दिली. घाटकोपरच्या घरात त्यावरून दोन दिवस चर्चासत्र चाललं. अंबादास हिवाळे जन्मभर बेस्टमध्ये कंडक्टर होते. अख्खी उपनगरं त्यांच्या पायाखालून, म्हणजे चाकाखालून गेलेली. पण स्वतःचा प्रवास म्हणाल तर जालन्याकडचं गाव आणि नागपूरची दीक्षाभूमी. त्यापलीकडे गेले ते कुणाच्या लग्नाला, नाहीतर कुणी वारलं म्हणून.

"तिथं कोण आहे आपलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, पप्पा."

"मग जायचं कशाला?"

उत्तर चंपाबाईंनी स्वयंपाकघरातून दिलं. "कोणी नाही म्हणूनच जायचं! ना कुणाला आहेर करायचा, ना कुणाच्या गळ्यात पडून रडायचं. नुसतं बघायचं आणि यायचं. मला जायचंय. तुम्हाला नसेल यायचं तर मी शेजारच्या दर्शनाला घेऊन जाते."

दर्शना वहिनी एका पायावर तयार होती, हे कळल्यावर अंबादास तयार झाले.

आणि तयार झाले ते असे, की विचारता सोय नाही. सपनाचं पान त्यांनी झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतलं आणि वर प्लास्टिक चढवून आणलं. आरामाचे बूट घाला असं लिहिलंय म्हणून नवेकोरे बूट घेतले. सपना म्हणाली, "पप्पा, नवे नका ना घेऊ, चावतात. जुने सँडल मस्त आहेत तुमचे."

"पानावर बूट लिहिलंय. सँडल लिहिलंय का?"

"अहो पण ते मीच लिहिलंय! मी कुठे गेलेय तिकडे? इकडून तिकडून वाचून लिहिते मी."

"ते मला माहितीय," अंबादास शांतपणे म्हणाले. "पण तू लिहिलंयस ना? मग झालं."

वरिष्ठांनी सही केलेल्या कागदावर माणूस शंका घेत नाही, तशा श्रद्धेने त्यांनी ते प्लास्टिकचं पान बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. सपनाला त्या रात्री जरा उशिराच झोप लागली.

पहिला दिवस झकास गेला. चंपाबाईंनी फोटोंचा पाऊस पाडला: उंटासोबत मी, तटासोबत मी, तटासोबत हे, ह्यांच्यामागे उंट. सपनाला वाटलं, उगाच घाबरलो आपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात उन्हाळी सहलींची मीटिंग होती. श्रुतिका मॅडम फळ्यासमोर उभ्या राहून सांगत होत्या, की थंड हवेच्या ठिकाणांची पानं लोकांना घाम फुटायच्या आत वर गेली पाहिजेत. इतक्यात सपनाचा फोन थरथरला. पप्पा. तिने कट केला. परत थरथरला. तिने टेबलाखाली वाकून घेतला.

"सपने, कामात आहेस का?"

"मीटिंगमध्ये आहे, पप्पा. काय झालं?"

"काही नाही, काळजी करू नको. एक छोटी गोष्ट सांगायची होती." अंबादासांनी घसा साफ केला. "तुझी आई हरवली."

सपना टेबलाखालून वर आली ती डोकं आपटूनच. "काय?"

"हरवली. मी पुढं चालत होतो, मागं वळून बघितलं तर नाही. मग मी पानावर लिहिल्याप्रमाणं दरवाजापाशी येऊन थांबलोय. हत्तीवाल्या. ती काही येईना. तिला फोन केला तर मलाच बोलायला लागली. आता उचलत नाही."

एवढ्यात फोनवर दुसरी रिंग वाजायला लागली. आई. सपनाने पपांना "थांबा, तिथेच थांबा" म्हणून आईचा फोन घेतला.

"सपने, ऐक गं," चंपाबाईंचा आवाज, मागे बायकांचा कलकलाट. "घाबरू नकोस, पण तुझे पप्पा हरवलेत."

"आई, पप्पा म्हणतात तू हरवलीस."

"मी काहून हरवीन? मी जिथे आहे तिथे आहे! एक बाई वड्या घालत होती, मुगाच्या. म्हटलं विचारावं, डाळ किती भिजवता. एवढ्यात हे गायब. मी सरळ परत फिरले आणि तू लिहिलंस तशी दरवाजाला येऊन उभी राहिले."

"कुठल्या दरवाजाला?"

"हत्तीच्या. भले मोठे आहेत, दोन. झूल घातलेले."

सपनाने डोळे मिटले. एक माणूस हत्तीच्या दरवाजापाशी, दुसरं माणूसही हत्तीच्या दरवाजापाशी, आणि दोघं एकमेकांना दिसत नाहीत. आपल्या पानावरच्या त्या एका सोप्या वाक्याने आपली वाट लावली आहे, हे तिला उमगलं.

मॅडम म्हणाल्या, "सपना, काही प्रॉब्लेम?"

"मॅडम, माझे आईवडील केसरगढात हरवलेत."

"दोघं?"

"कोण हरवलंय यावरच वाद चालू आहे, मॅडम."

नितेश अशा वेळी कामाला येणारा पोरगा. त्याने आपला फोन काढून तिच्या हातात दिला. "माझ्यावरून आईला लाव. एक फोन आईचा, एक पपांचा. दोन्ही स्पीकरवर टाक."

"कॉन्फरन्स कर ना सरळ," रुचिरा म्हणाली. "दोघं आपसांत बोलतील."

तेही करून झालं. दोघं एका लाइनवर आले, एकमेकांचा "हॅलो" ऐकला, आणि अंबादास म्हणाले, "सापडलीस का?" चंपाबाई म्हणाल्या, "हरवले कोण होते?" आणि दोन्हीकडून फोन ठेवले गेले.

मग नितेशचीच पद्धत धरावी लागली. मीटिंगच्या लांब टेबलाच्या एका टोकाला सपनाचा फोन, त्यात पप्पा. दुसऱ्या टोकाला नितेशचा, त्यात आई. उन्हाळी सहली बाजूला पडल्या. नितेशने फळ्यावर मॅडमच्या अक्षरांच्या खालीच केसरगढचा नकाशा काढायला घेतला.

"आई, तू मला लोकेशन पाठव," सपना म्हणाली. "मागे शिकवलं होतं बघ. खालचं ते चिन्ह दाब."

"पाठवलं!"

सपनाने उघडलं. चंपाबाई घाटकोपरला, मिथुनच्या लग्नाच्या हॉलमध्ये होत्या. दोन वर्षांपूर्वी सगळ्या पाहुण्यांना पाठवलेलं लोकेशन त्यांनी मनोभावे पुढे ढकललं होतं. पपांकडे बटणांचा साधा फोन. त्याची बॅटरी आठवडाभर टिकते म्हणून ते दुसरा घेत नव्हते. तिकडून लोकेशन येण्याचा प्रश्नच नव्हता.

"पप्पा, तुमच्या आजूबाजूला काय दिसतंय?"

"तट आहे."

"तट सगळीकडेच आहे, पप्पा. दुसरं?"

"चहाची टपरी आहे. मी तिथंच बसलोय. बूट काढून." मग ते हळू आवाजात म्हणाले, "चावले गं."

नितेशने फळ्यावर 'चहा' असं लिहून गोल केला.

"काका, जय भीम, मी नितेश बोलतोय, सपनाच्या ऑफिसमधून," तो टेबलावर वाकून म्हणाला. "टपरीवाल्याला विचारा ना, हा दरवाजा कुठला?"

"जय भीम, बेटा. विचारतो." तिकडे बराच वेळ हिंदीत काहीतरी झालं. मग अंबादासांचा आवाज आला आणि त्यात पहिल्यांदाच थोडा संकोच होता. "सपने, हा म्हणतो हा हाथीपोळ नाही. हा चांदपोळ आहे."

"मग हत्ती?"

"तो म्हणतो, हत्ती सगळ्याच दरवाजांवर असतात. हत्ती नसलेला दरवाजा कुणी बांधतो का, असं मलाच विचारतोय."

खोलीतल्या सगळ्यांनी सपनाकडे पाहिलं. रुचिराने तर हळूच आपल्या लॅपटॉपवर पॅरिसचं पान उघडलं आणि काहीतरी पुसलं.

आता चंपाबाईंचा दरवाजा कुठला ते शोधायचं होतं. सपना त्या टोकाला गेली. "आई, तू तिथल्या कुणाला तरी विचार, तुझा दरवाजा कुठला."

"मी दरवाजाला नाहीये आता."

"म्हणजे? पानावर लिहिलं होतं ना, एका जागी थांबा!"

"पानावर असंही लिहिलं होतं, स्थानिक लोकांशी आपुलकीनं बोला! तिथं उन्हात किती उभी राहू? तिथं भेटलेल्या ह्या गुलाबबाई मला आपल्या घरी घेऊन आल्या. त्यांच्या गच्चीत बसलेय. वड्या घालतोय आम्ही."

"आई!"

"अगं, हात चालू राहिला की डोकं शांत राहतं."

सपनाने हात टेकले. एका बाजूला बाप बूट काढून बसलाय, दुसऱ्या बाजूला आई वड्या घालतेय, आणि मध्ये अख्खं जुनं शहर. तिने पपांना सुचवलं, की तुम्ही रिक्षा करा आणि गुलाबबाईंच्या घरी जा. टपरीवाला हसत म्हणाला, की आतल्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, आणि गुलाबबाई म्हणाल तर इथे प्रत्येक गल्लीत दोन-तीन आहेत. मग आईनेच पपांकडे जावं, असं तिने सुचवलं. चंपाबाई ठाम म्हणाल्या, की जो हरवलाय त्याने यायचं असतं.

"पप्पा, तुम्ही म्हणा ना एकदा की तुम्हीच हरवलात," सपना अजिजीने म्हणाली. "काय बिघडतंय? ती लगेच येईल."

"सपने," अंबादास गंभीर झाले. "मी कंडक्टर होतो. कंडक्टर कधी हरवत नाही. हरवतो तो पॅसेंजर."

श्रुतिका मॅडम इतका वेळ हाताची घडी घालून बघत होत्या. आता त्या ओरडणार, असं सपनाला वाटलं. पण त्या टेबलाच्या त्या टोकाला गेल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि फोनला म्हणाल्या, "चंपाबाई, नमस्कार. मी सपनाची बॉस. तुम्ही गच्चीवर आहात ना? तिथून आजूबाजूच्या गच्च्या दिसतायत?"

"दिसतायत की! एकाला एक चिकटून आहेत सगळ्या. आपल्या चाळीसारख्या."

"मग हाक मारून बघा ना. माझ्या आजोळी, वसईला, आम्ही तसंच करायचो. जेवायला बोलवायला कोण घरोघर फिरणार?"

तिकडे चंपाबाई आणि गुलाबबाई यांची मराठी-मारवाडीत मसलत झाली. चंपाबाईंनी हिंदीत सांगितलेलं सगळ्यांना ऐकू आलं: "बोलो, मुंबईवाले अंबादासजी खो गए हैं, चांदपोळ पे बैठे हैं, इधर आ जाओ!"

आणि मग टेबलाच्या त्या टोकाच्या फोनमधून जी हाक आली, तिने रुचिरा दचकली. गुलाबबाईंचा गळा म्हणजे गळा होता. "ओ ऽऽ मुंबईवाले अंबादासजी ऽऽ!" पाठोपाठ लांबून दुसऱ्या बाईने ती हाक उचलली. मग आणखी लांबून तिसरीने. मग काहीच ऐकू येईना. आवाज फोनच्या बाहेर निघून गेला होता.

सगळे त्या टोकाच्या फोनकडे बघत होते ते हळूहळू वळून ह्या टोकाकडे बघायला लागले. ह्या फोनमध्ये स्टोव्हचा भर्र आवाज, कपांची किणकिण, कुणीतरी खोकलेलं. अंबादास म्हणाले, "काय झालं? सगळे गप्प का?"

"काही नाही पप्पा, जरा कान देऊन ऐका."

"काय ऐकू?"

पुढचं एक मिनिट सपनाला फार लांब वाटलं. आणि मग स्टोव्हच्या आवाजावरून, कुठूनतरी उंचावरून, एका बाईचा कोवळा आवाज ह्या फोनमध्ये आला. अगदी बारीक, पण स्वच्छ.

"ओ मुंबईवाले अंबालालजी! आपकी घरवाली खो गई है! इधर आ जाओ!"

मग नितेश टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. इतक्या गच्च्या ओलांडता ओलांडता निरोप पुरता उलटा झाला होता. कुठल्या बाईने कुठे काय ऐकलं कोण जाणे. मधल्या कुणाला तरी वाटलं असणार, की हरवणार ती बाईच.

पण अंबादासांच्या अंगात वारं संचारलं. "ऐकलंस? ऐकलंस सपने? अख्खं गाव म्हणतंय! तीच हरवलीय!"

"हो पप्पा, ऐकलं. आता जा, तिला घेऊन या बरं. ती गच्चीवरची बाई सांगेल कसं जायचं."

"जातो की! बिचारी एकटी घाबरली असेल."

ते निघाले. फोन बंद करायचं त्यांना सुचलं नाही, त्यामुळे सगळा प्रवास मीटिंगच्या खोलीत ऐकू येत होता. वरून बायका वाट दाखवत होत्या. "सीधे जाओ!" "अब बायें!" "अरे उधर नहीं, नीम के पेड से!" मध्ये एकदा अंबादास कुणाला तरी म्हणाले, "नहीं नहीं, जूते हात में ही ठीक हैं." मध्ये एक गाय आडवी आली असावी, कारण ते बराच वेळ "बाजूला हो माय, बाजूला हो" असं म्हणत थांबले. मग पुन्हा पावलं. नितेश फळ्यावर खडूने त्यांची वाट काढत होता. ती काही केल्या नकाशाशी जुळत नव्हती, पण तो काढत राहिला. मॅडमनी कुणाला तरी खुणेने एसी बंद करायला लावला, कारण त्याचा आवाज मध्ये येत होता.

मग सपनाला काहीतरी वेगळं जाणवलं. पपांच्या फोनमध्ये बायकांचा कलकलाट हळूहळू वाढत होता, आणि तोच कलकलाट आईच्या फोनमध्येही होता. कुणीतरी जिना चढत होतं. पावलं ह्या टोकालाही वाजत होती आणि त्या टोकालाही. आणि मग दोन्ही फोनमधून एकाच वेळी अंबादासांचा आवाज आला.

"चंपा!"

दोन्ही फोन एकदम कर्कश्श किंचाळले. नितेशने झडप घालून स्वतःचा बंद केला. उरलेल्या फोनमध्ये चंपाबाई म्हणत होत्या, "अगंबाई, पायांना काय झालं? बसा, बसा आधी. पाणी आणा गं कुणीतरी." आणि अंबादास म्हणत होते, "काही नाही, काही नाही. तू बरी आहेस ना?"

भांडण होईल असं सपनाला वाटलं होतं. ते काही झालं नाही. निदान त्या वेळी नाही. फोन बंद झाला तेव्हा मीटिंगच्या खोलीत टाळ्या वाजल्या. सपनाने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारायचं होतं. परत आली तर मॅडम फळ्यावरचा नकाशा पुसायच्या बेतात होत्या, मग त्यांनी तो तसाच ठेवला आणि कडेच्या थोड्याशा रिकाम्या जागेत महाबळेश्वर लिहिलं.

चार दिवसांनी आईपप्पा घाटकोपरला परत आले. पपांच्या टाचांना पट्ट्या होत्या आणि आईच्या बॅगेत साड्यांपेक्षा वड्या जास्त. सपनाने विचारलं, राजवाडा कसा होता? दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"राजवाडा राहिला," चंपाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी गुलाबबाई उठूच देईनात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जावेकडं जेवायला बोलावलं. तिसऱ्या दिवशी ज्या ज्या बायकांनी हाका मारल्या त्यांना भेटायला गेलो. एवढ्या गच्च्या चढलो बाई, गुडघे गेले."

"आणि तट? संग्रहालय?"

"तट काय, सगळीकडून दिसतो," अंबादास म्हणाले. "पण सपने, तुझ्या पानात चुका आहेत."

"माहितीय, पप्पा."

"बस. लिहून घे."

मग रात्रीचं जेवण होईस्तोवर ते सांगत राहिले आणि ती लिहीत राहिली. हत्तींचं वाक्य गेलं. त्याजागी दरवाजाचं नाव टपरीवाल्याला विचारून घ्या, असं आलं. बुटांच्या जागी जुनी, पायाला सरावलेली चप्पल आली. रिक्षा आत शिरत नाही. दुपारी गल्लीत सावली कुठल्या बाजूला असते. कुणाच्या ओट्यावर बसायचं असेल तर आधी विचारा, नाही म्हणत नाहीत. गाय आडवी आली तर घाई करू नका. चंपाबाईंनी मध्येच सुचवलं, "चुकामूक झाली तर आधी भेटा, कोण हरवलं होतं याचा वाद मागाहून घाला." अंबादास म्हणाले, "त्यात वाद कसला? सगळ्या गावानं सांगितलं." मग तो वाद मागाहून सुरू झाला तो वरण गार होईपर्यंत चालला, आणि सपनाने त्यात पडायचं नाही हे शहाणपण दाखवलं.

नवं पान तिने श्रुतिका मॅडमना दाखवलं तेव्हा मॅडमनी ते दोनदा वाचलं. हे काही कंपनीच्या नेहमीच्या थाटाचं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "गाय ठेव. ओटा ठेव. शेवटचं ते चुकामुकीचं वाक्यही ठेव." मग पेन टेबलावर आपटत त्यांनी विचारलं, "सपना, तुझी किती रजा शिल्लक आहे?"

"सगळी, मॅडम. मागितली की तुम्ही नाही म्हणता."

"आता मागून बघ."

सपनाने तिथल्या तिथे मागितली. नितेशला कळलं तेव्हा तो लडाखसाठी अर्ज घेऊन मॅडमच्या केबिनबाहेर उभा राहिला. त्याला आत बोलावलं गेलं नाही. पण हाकललंही नाही, एवढी प्रगती झाली.

फेब्रुवारीच्या एका दुपारी बोरीवलीच्या फलाटावर हिवाळे मंडळी उभी होती. सपना एकटी चालली होती, तरी सामान तिघांचं होतं. कारण चंपाबाईंनी गुलाबबाईंसाठी कुरडया, त्यांच्या जावेसाठी तिळाची चटणी आणि हाका मारणाऱ्या समस्त बायकांसाठी शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले होते. "कुणाला विसरू नकोस," त्या बजावत होत्या. "आणि राजवाडा बघ हं. कुणीतरी बघायला पाहिजे तो."

गाडी आली. बर्थ बरोबर आहे ना ते पाहायला अंबादास सपनाच्या आधी डब्यात चढले. बर्थ बरोबर होता. मग त्यांना दिसलं, की समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलंय, आणि पलीकडे एक बाई लहान मुलीला घेऊन. ते त्यांच्याजवळ वाकले आणि अत्यंत जिव्हाळ्याने एकेकाला विचारायला लागले, "आपण कुठं उतरणार? तुम्ही? आणि तुम्ही, ताई?" म्हाताऱ्याचं स्टेशन मध्यरात्री यायचं होतं. त्याची अंबादासांना फार काळजी वाटली, आणि झोप लागली तर काय करायचं ते ते त्याला नीट समजावून सांगू लागले.

"पप्पा, उतरा! सुटली गाडी!"

"हो हो. एक मिनिट. बाबा, तुम्ही असं करा..."

खिडकीबाहेर चंपाबाई गाडीच्या बरोबरीने चालत, पदर सावरत, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होत्या, "अहो, खाली उतरा! जायचं तिला आहे, तुम्हाला नाही!"